उजवीकडून आलेलं देणं

तेरखेड्याचं नाव काढलं की समोरचा माणूस लगेच फटाक्यांवर येतो. त्यात खोटं काही नाही. येरमाळा मागं टाकून बीडच्या दिशेनं निघालं की रस्त्याच्या कडेनं फटाक्यांची दुकानं लागतात, आणि दिवाळीच्या आधी तर लांबलांबच्या गाड्या इथं येऊन थांबतात. माझंही अर्धं पोट त्या दारूवरच चालतं. अनाराची लेबलं, भुईचक्राच्या डब्यांची वेष्टणं, घाऊक दरपत्रकं, कारखान्याच्या फाटकावर लावायच्या सूचना, सगळं माझ्या डीटीपीच्या दुकानातून गेलेलं असतं. उरलेलं अर्धं पोट लग्नपत्रिका आणि कोर्टकचेरीच्या कागदांवर. आज मला लिहायचंय ते या दुसऱ्या अर्ध्याबद्दल. तो धंदा मला ज्यांच्यामुळं करता आला त्यांतल्या कुणाचंच देणं माझ्याकडून फिटलेलं नाही.

पहिले आण्णा. आमच्या गल्लीतले, तहसिलीतून निवृत्त झालेले. जातीनं, धर्मानं, बोलण्यानं पक्के इथले मराठी. पण त्यांचं शिक्षण झालं होतं उर्दूतून. आज हे सांगितलं की तरुण पोरं चकित होतात, म्हणून थोडं मागचं सांगावं लागतं. आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या कारभारात १८८४ च्या सुमारास फारसी मागं पडली आणि उर्दू आली. तेव्हापासून तालुक्याच्या कचेरीतला कागद उर्दूत, शाळेत पुढं शिकायचं तर उर्दूतून, आणि १९१८ साली हैदराबादला निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. गावातला पटवारी त्याचा हिशोब मोडीत ठेवायचा, पण तोच मजकूर वर गेला की उर्दू व्हायचा. आण्णांच्या पिढीनं घरात मराठी, शाळेत उर्दू आणि पुढं नोकरीत पुन्हा मराठी असा प्रवास एकाच जन्मात केला. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. आण्णा म्हणायचे, "मी जागचा हाललो नाही, माझ्या टेबलावरची लिपी हालत राहिली."

माझं दुकान नवं होतं तेव्हा एक वकील जमिनीच्या दाव्याचे कागद घेऊन आले. निजामाच्या काळातल्या सेतवाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या तक्त्याची, नक्कल, एक फैसला आणि एक पावती, सगळं उर्दूत. दावा छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात गेलेला होता, तेव्हाच्या औरंगाबादला. तिथलं काम इंग्रजीत चालतं. त्यांना इंग्रजी भाषांतर हवं होतं, पण महत्त्वाचे मूळ शब्द उर्दू लिपीतच कंसात यायला हवे होते. म्हणजे रोमन ओळीच्या पोटात उर्दू, आणि बाजूला मराठी टिपणं. मला उर्दूतला अलिफही येत नव्हता. वकिलांनी सांगितलं, वाचायला तुमच्या गल्लीत माणूस आहे, तुम्ही फक्त उतरवा.

आण्णा संध्याकाळी दुकानात येऊन बसायला लागले. मला वाटलं होतं ते बोटानं ओळ दाखवत सांगतील आणि मी बडवत जाईन. त्यांनी तसं केलं नाही. कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "आधी आकडा बघ. मग तारीख. मग शिक्का. मजकूर शेवटी." का, असं विचारलं तर उत्तर असं: "मजकूर तुला फसवील. आकड्याला नातेवाईक नसतात."

हे फसवणं काय असतं ते हळूहळू कळलं. कचेरीतला उर्दू हात म्हणजे शिकस्ता. घाईत लिहिणारा कारकून नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळतो आणि सुटी ठेवायची अक्षरंही एकमेकांत अडकवून टाकतो. नून, बे आणि ये ही तीन अक्षरं शब्दाच्या मध्ये आली की त्यांचा नुसता एक एक दात उरतो, आणि कुठला दात कुणाचा ते फक्त नुक्त्यावरून कळतं. नुक्ताच नाही म्हटल्यावर वाचणाऱ्याला गाव, माणसं आणि प्रकरण माहीत असावं लागतं. शिवाय उर्दूत ळ नाही, ण नाही. कळंब असो की येरमाळा, ळ चा ल होणार. त्यातून आमच्याच जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं, ते लिहितात ते-ये-रे असं. निजामी कारभारातल्या फसली सनाचा तीर महिनाही तस्साच लिहितात. एका पावतीत हा शब्द आला तेव्हा मी लगेच गाव समजून मोकळा होणार होतो. आण्णांनी माझा हात धरला आणि शेजारचा आकडा दाखवला. आकड्यानंतर आलंय, तेव्हा महिना. मागं 'मौजे' असतं तर गाव.

फसली सनही त्यांनीच शिकवला. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून फसली १३४० म्हणजे १९३०-३१. पहिला महिना आजूर, मग दे, बहमन, इस्फंदार, अशी ती इराणी महिन्यांची माळ त्यांना आमच्या चैत्र-वैशाखासारखी पाठ होती. मी ती एका पुठ्ठ्यावर लिहून संगणकाच्या मागं भिंतीला लावली. पुठ्ठा आता तपकिरी झालाय, तरी काढलेला नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि तो वकिलांना अजिबात आवडायचा नाही. जे वाचता येत नाही तिथं टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, वाचता येत नाही. वकील म्हणायचे, आण्णा, अंदाजानं काहीतरी लिहा की. आण्णा म्हणायचे, अंदाज तुम्ही कोर्टात करा, माझ्या सहीखाली नको. या कामाचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. दुकानात एका बाजूनं छापून वाया गेलेले कागद पडलेले असत, त्यांचा गठ्ठा तेवढा घेऊन जायचे. पाठकोऱ्या बाजूवर ते काय लिहीत होते हे मी कधी विचारलं नाही.

आण्णांनी वाचायला शिकवलं, पण कागदावर उमटवायचं कसं? तेव्हाची अवस्था आजच्या पोरांना सांगून पटणार नाही. आमचं मराठी हेच मुळात सोंग घेऊन बसलेलं असायचं. त्या काळचे देवनागरी फॉन्ट म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं रोमन अक्षरंच, फक्त वर मराठी चेहरा लावलेला. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली आणि तिथं तो फॉन्ट नसला की 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी कचरा. उर्दूसाठी इनपेज होतं. दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरनं १९९४ साली ते आणलं आणि भारतातला, पाकिस्तानातला बहुतेक सगळा उर्दू छापखाना त्यावर आला. पण इनपेजमधली उर्दू, पेजमेकरमधलं मराठी आणि इंग्रजी हे एका पानावर आणायचं तर उर्दूचं चित्र करून चिकटवावं लागायचं. मजकुरात एक शब्द बदलला की चित्र पुन्हा करा, पुन्हा चिकटवा, ओळ सरकली की पुन्हा.

इथं दुसरं ऋण लागतं. सोलापुरात एका उर्दू छापखान्यात एक कातिब होते. कातिब म्हणजे बोरूनं मजकूर लिहिणारा. पूर्वी उर्दू वर्तमानपत्राचं पानच्या पान हे लोक हातानं लिहीत, कारण नस्तालिक लिपी खिळ्यांत नीट बसत नाही. अक्षर शेजाऱ्याप्रमाणं आकार बदलतं, आणि शब्द उजवीकडं वर सुरू होऊन डावीकडं खाली उतरत जातो. शिशाच्या खिळ्यांना सरळ ओळ लागते, त्यांना हा उतार जमला नाही. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी यावर तोड काढली. सुटी अक्षरं न घेता जोडलेल्या आकृत्याच्या आकृत्या, हजारोंच्या संख्येनं, मोनोटाइपच्या यंत्रात घातल्या. त्याला नूरी नस्तालिक म्हणतात. त्याच वर्षी लाहोरचा 'जंग' त्यात निघाला. इनपेजमध्ये दिसणारं अक्षर त्याच घराण्यातलं. चाचांचा, म्हणजे या कातिबांचा, धंदा त्या शोधानं बसवला. मला हे माहीत असल्यामुळं त्यांच्याकडं जाताना संकोच वाटत होता. ज्या यंत्रानं यांचा बोरू काढून घेतला तेच यंत्र शिकवा म्हणायला मी चाललो होतो.

चाचांना असला संकोच बिलकुल नव्हता. "वो जमील साहब कू मेरा सलाम बोलना," म्हणाले आणि हसले. ते स्वतः तोवर इनपेजवर शादीचे रुक्के करायला लागले होते. फक्त आकृती उमटली की ती ते डोळ्यांनी मोजायचे. नस्तालिकचं माप बोरूच्या टोकानं काढलेल्या नुक्त्यात धरतात. अलिफ किती नुक्ते उंच, बे किती नुक्ते लांब, हे ठरलेलं. पडद्यावरचं अक्षर त्यांना पसंत पडलं नाही की ते कागदावर बोरूनं काढून दाखवत आणि म्हणत, आता तुझ्या मशीनला सांग. मशीन ऐकायचं नाही. पण माझा डोळा ऐकायला लागला.

तीन लिप्या एकत्र बसवण्यातली खरी अडचण मला चाचांनी दाखवली. रोमन अक्षर ओळीवर उभं राहतं. देवनागरी ओळीला वरून लटकतं. नस्तालिक उतरत येतं. एकाच मापात तिन्ही ठेवली तर उर्दू बारीक दिसते. ती मोठी करावी तर वरच्या ओळीतली बडी ये खालच्या ओळीतल्या वेलांटीवर नाहीतर रफारावर येऊन आदळते. मग ओळींमधलं अंतर वाढवा, म्हणजे नुसत्या मराठीच्या ओळी विरळ, ओकीबोकी दिसायला लागतात. याला एकच एक तोडगा नाही. प्रत्येक पानाला बसून बघावं लागतं. चाचांनी मला दोन रकान्यांची एक युक्ती दिली, ती मी आजही वापरतो. उर्दू मूळ आणि मराठी भाषांतर शेजारी शेजारी द्यायचं असेल तर उर्दू उजव्या रकान्यात ठेवायची. दोन्ही मजकूर पानाच्या दोन कडांपासून सुरू होतात आणि मध्याकडं येतात, वाचणाऱ्याचं बोट दोन्हीकडं मोकळं राहतं. उलट ठेवलं तर दोघांचीही सुरुवात मधल्या पट्टीत अडकते.

हे सगळं चित्रं चिकटवूनच चाललं होतं, आणि तसंच चालत राहिलं असतं. मग युनिकोड आमच्यापर्यंत पोचलं. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक, सोंग नाही, चित्र नाही. मला वाटलं, संपली कटकट. पण त्याच सुमारास एका ठिकाणाहून टाइप होऊन आलेला एक उर्दू उतारा आण्णांच्या हातात पडला. त्यांनी सवयीनं आधी आकडा बघितला आणि म्हणाले, "हा सर्व्हे नंबर चुकला. मूळ कागदात ४७-२ आहे, यानं २-४७ केलाय." टाइप करणाऱ्यानं तर ४७-२ असंच टाइप केलं होतं. फाइलमध्ये तेच होतं. पडद्यावर आणि कागदावर मात्र उलटं.

ही भानगड समजून घ्यायला मला बराच वेळ लागला आणि ती समजली तेव्हा आण्णांना सांगायला मी धावत गेलो होतो. संगणक मजकूर साठवतो तो टाइप केल्याच्या क्रमानं. दाखवताना दिशा ठरवतो. युनिकोडचा त्यासाठी नियम आहे आणि त्यात प्रत्येक चिन्हाची जात लावलेली आहे. अलिफ-बेची अक्षरं ठाम उजवीकडून. रोमन आणि देवनागरी अक्षरं ठाम डावीकडून. कंस, टिंब, मोकळी जागा यांना स्वतःचं मत नाही, शेजारी जिकडं तिकडं. आकडे मध्येच लोंबकळतात. आकड्यातले अंक नेहमी डावीकडून उजवीकडंच, अरबीतही आणि उर्दूतही. पण उर्दू अक्षरामागून आकडा आला आणि पुढं आडवी छोटी रेघ आली, की ती रेघ त्या दोन आकड्यांना बांधून ठेवत नाही. रेघ उर्दूच्या बाजूला जाते, आकडे सुटे होतात आणि उजवीकडून मांडले जातात. ४७ उजवीकडं, २ डावीकडं. तिरकी रेघ असती तर असं झालं नसतं, कारण तिरक्या रेघेला दोन आकडे जोडून ठेवण्याची मुभा आहे. एवढ्या छोट्या रेघेच्या तिरकेपणावर शेतकऱ्याचा पोटहिस्सा अवलंबून!

त्याहून गंमत पुढं आहे. हेच ४७-२ जर मराठी आकड्यांत टाइप केलं तर उर्दू वाक्यातही ते सरळ राहतं. युनिकोडनं देवनागरी आकडे अक्षरांच्याच पंगतीला बसवलेत, ठाम डावीकडून. इंग्रजी आणि उर्दू आकडे मात्र नरम. आण्णांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे यंत्र अंदाज करतंय म्हण की." मी म्हणालो, हो, अंदाजच, पण ठरलेल्या नियमानं. "मग त्याला अंदाज करू देऊ नकोस. कुठनं कुठपर्यंत काय आहे ते तू सांग."

जगाच्या दुसऱ्या टोकाला काही लोक आधीच तेवढंच म्हणून बसले होते, हे मला नंतर कळलं. अमेरिकेत डोनाल्ड क्नुथ नावाचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बेढब दिसली म्हणून त्यांनी १९७७ ते ७८ या काळात 'टेक' नावाची अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. गणिताची पुस्तकं जगभर त्यात जुळायला लागली. १९८७ साली त्यांनी आणि पिएर मॅके यांनी मिळून एक लेख लिहिला, उजवीकडून आणि डावीकडून जाणारा मजकूर एका ओळीत कसा बसवायचा यावर. त्यांची रीत साधी आहे. लिहिणाऱ्यानं खूण करायची, इथून उजवीकडची दिशा सुरू, इथं संपली. आत पुन्हा डावीकडचा तुकडा आला तर त्याचीही सुरुवात आणि शेवट सांगायचा. जिथं सुरू झालं तिथं संपलं पाहिजे. यंत्रानं काही ताडायचं नाही. पुढं जर्मनीत क्लाउस लागाली यांनी अरबीसाठी 'अरबटेक' केलं. २००४ साली जोनाथन क्यू यांनी 'झीटेक' आणलं, त्यात युनिकोडचा मजकूर आणि संगणकातला कुठलाही नेहमीचा फॉन्ट सरळ चालायला लागला. देवनागरीची जोडाक्षरं, नस्तालिकचा उतार आणि रोमन, तिन्ही एका फाइलीत, जिवंत मजकूर म्हणून. शोधता येतो, सुधारता येतो, चिकटवायचं काही नाही.

हे माझ्या दुकानात आणलं ते माझ्या मावसभावाच्या मुलीनं. पुण्याला शिकत होती, दिवाळीला आली होती, दुकानात फटाक्यांच्या दरपत्रकांची झुंबड, आणि मी मध्येच कोपऱ्यात बसून उर्दूची चित्रं कापतोय. म्हणाली, "काका, हे असं कशाला करताय?" सगळं फुकट मिळतं हे तिनं सांगितलं तेव्हा मला आधी संशयच आला. फुकटच्या गोष्टीला तेरखेड्यात कुणी हात लावत नाही. तिनं बसवून दिलं, कागदावर लिहून दिलं, आणि नंतर फोनवर पुष्कळ सहन केलं. अक्षरजुळणीत काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायच्या, पान लगेच दिसत नाही, एक महिरपी कंस राहिला की सगळं अडतं. माऊसच्या सवयीच्या माणसाला हा वनवास आहे. पण त्या खुणा, इथं सुरू, इथं संपलं, त्या मला परक्या वाटल्या नाहीत. आण्णांनी टिंबं द्यायला शिकवलं होतं ते याच जातीचं होतं.

एक विनोद मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही दिशांचा मजकूर सांभाळणारं जे पॅकेज या प्रणालीत लागतं, त्याचं इंग्रजी नाव अक्षरं जुळवून वाचलं तर सरळ 'बिडी' होतं. वफा खलीघी यांनी ते लिहिलंय आणि दोन दिशा या अर्थाचा तो संक्षेप आहे. ज्या गावात कारखान्याच्या फाटकावर बिडी-काडी आत न्यायला मनाई, आणि ती मनाईची पाटी मीच छापलेली, त्या गावात माझं अर्धं काम बिडीशिवाय पेटत नाही.

सगळीकडं अशा खुणा हाताशी नसतात. अशा ठिकाणांसाठी युनिकोडनं २०१३ साली काही अदृश्य चिन्हं दिली. मजकुराचा एखादा तुकडा त्या दोन चिन्हांमध्ये ठेवला की तो आजूबाजूच्या दिशेपासून वेगळा राहतो. तत्त्व तेच. दिसत नाहीत म्हणून लोक ती घालत नाहीत, आणि घातली तरी कॉपी-पेस्टमध्ये ती कुठं गळतात कळत नाही. मला दिसणारी खूण बरी वाटते. उद्या माझी फाइल दुसऱ्या कुणी उघडली तर इथं माणसानं विचार केला होता हे त्याला दिसावं.

२०२३ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. १९६७ पूर्वीचे महसुली, शाळेचे, जन्ममृत्यूचे कागद गठ्ठ्यांनी बाहेर निघाले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती विचारणा यायला लागली. जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव झालं तेही त्याच महिन्यात. नव्या नावाची पत्रकं आणि जुन्या नावाच्या काळातले उर्दू कागद, माझ्या टेबलावर दोन्हींचे गठ्ठे शेजारी शेजारी पडलेले.

आण्णा तोवर गेलेले होते. दुकानात लोक यायचे, मोबाइलवर काढलेला पुसट फोटो दाखवायचे आणि बोट ठेवून म्हणायचे, हा शब्द कुणबीच आहे ना बघा. काफ, मग दात, मग दात, शेवटी ये. नुक्ते दोन हवेत, एक वर, एक खाली, आणि फोटोत एकही नाही. त्या माणसाच्या पोराची फी, नोकरी, काय काय त्या दातांवर टांगलेलं. अशा वेळी हो म्हणायला किती मोह होतो हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. मी त्यांना आण्णांच्याच क्रमानं नेतो. आधी आकडा, मग तारीख, मग शिक्का. 'कौम'चा, म्हणजे जातीचा, रकाना कुठला ते बघू. त्याच हातानं त्याच पानावर दुसरीकडं तोच शब्द नुक्त्यांसह लिहिलाय का ते बघू. पुष्कळदा सापडतो. नाही सापडला तर टिंबं. काही जण चिडून दुसरीकडं जातात. जाऊ देत.

रकान्यांचंही असंच आहे. उर्दू तक्त्यात पहिला रकाना उजवीकडं असतो. मराठी प्रत करताना तो डावीकडं येतो, सगळा तक्ता आरशातल्यासारखा फिरतो. मग साहेब मूळ फोटो आणि माझी प्रत समोर ठेवून म्हणतात, हे जुळत नाही. म्हणून मूळ रकान्यांना आधी क्रमांक घालायचे आणि तेच क्रमांक प्रतीत द्यायचे, ही आण्णांचीच सवय. आता मी ती आज्ञेत बांधून ठेवलीय, तक्ता कुठल्याही दिशेनं वळला तरी क्रमांक आपापल्या रकान्याला चिकटून राहतात.

मोडीचे गठ्ठे आले तेव्हा आणखी एका अनोळखी माणसाचं नाव समोर आलं. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, त्यामागचा प्रस्ताव अंशुमन पांडे यांचा. जुन्या फारसी-उर्दू हिशोबांत रकमा लिहायची जी सियाक नावाची आकड्यांची तऱ्हा आहे, ती २०१८ ला युनिकोडमध्ये आली, तीही त्यांच्याच खटपटीनं. मला सियाक येत नाही आणि आता शिकून होईल असंही वाटत नाही. पण पटवाऱ्याचा मोडी शब्द माझ्या पानात चित्र न होता शब्द म्हणूनच बसतो, याचं देणं त्यांचंच. क्नुथ, मॅके, क्यू, खलीघी, पांडे, यांतल्या कुणालाही तेरखेडा नकाशावर दाखवता येणार नाही. माझं नाव त्यांच्या कानावर जाण्याचा प्रश्नच नाही. आण्णांना निदान पाठकोरे कागद तरी देता आले.

चाचा आहेत. सोलापुरातच आहेत, आता छापखान्यात जात नाहीत. मी कुठलंही उर्दू-मराठी काम झालं की त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर पीडीएफ पाठवतो. चाचा ते मोठं करून करून बघतात आणि आवाजातला निरोप पाठवतात. कौतुक सुरुवातीला एका वाक्यात, मग तक्रारी. काफची कंबर मोडलीय. नुक्ता अर्धा नुक्ता खाली हवा. हा फॉन्ट ज्यानं केला त्यानं चांगला उस्ताद पाहिला नाही. सध्या आमचं भांडण चालू आहे ते मराठी वाक्यात मध्येच येणाऱ्या उर्दू शब्दावरून. त्यांच्या मते तो ओळीच्या फार खाली बसतो, एक नुक्ता वर उचल. मी उचलून पाहिला. वर उचलला की त्याचं डोकं शेजारच्या शिरोरेषेच्या वर निघतं आणि शिरोरेषा मध्येच तुटल्यासारखी दिसते. तसं मी कळवलं. परवा त्यांचं उत्तर आलं, तर मग शिरोरेषा वर ने. मी म्हणालो, चाचा, शिरोरेषा कशी वर नेणार, सगळी मराठीच तिला लटकलीय. त्यावर निरोप आला, "तो क्या हुआ, उस कू भी बोल, थोडा उठ."